पीसी मधेच रिस्टार्ट होतो तेव्हा

घरी जोडलेला पीसी मधेच रिस्टार्ट व्हायला लागला की पहिला संशय एसएमपीएसवर जातो आणि पाय पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीकडे वळतात. नवा एसएमपीएस येतो, चार दिवस बरे जातात आणि एका संध्याकाळी स्क्रीन पुन्हा काळी होते. मग रॅम बदलून पाहतात, मग ग्राफिक्स कार्ड. शिकणाऱ्या मुलांचे साठवलेले पैसे असे एकेका भागावर जाताना पाहून वाईट वाटते, कारण यातली बरीचशी तपासणी घरबसल्या आणि फुकट होते. फक्त क्रम पाळावा लागतो, आणि सुरुवात करायची ती भिंतीवरच्या सॉकेटपासून.

बाहेरून सगळे रिस्टार्ट सारखेच दिसतात. आत मात्र तीन वेगळ्या गोष्टी घडलेल्या असू शकतात. एक, विंडोजलाच काहीतरी गंभीर चूक सापडली आणि तिने स्वतःहून यंत्र पुन्हा चालू केले. दोन, प्रोसेसरने ‘माझ्या आत बिघाड झाला’ असे कळवले आणि काम थांबले. तीन, वीज क्षणभर हलली आणि कोणालाच काही लिहून ठेवायला वेळ मिळाला नाही. आपल्याकडे कोणता प्रकार आहे हे कळेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नये.

तिसऱ्या प्रकाराकडे पुण्यात आधी पाहावे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचे ढग जमतात, वारा सुटतो, तारांवर फांद्या घासतात आणि लाइट जात नाही, नुसती लुकलुकते. पंख्याला त्याचा पत्ता लागत नाही, पीसीला लागतो. आपल्याकडची वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची, म्हणजे तिचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. एसएमपीएस ती आत घेऊन आधी एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवतो आणि तिथून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार करतो. हा कपॅसिटर म्हणजे गच्चीवरची टाकी: नळाचे पाणी थोडा वेळ थांबले तरी घरात धार सुरू राहते. पण ही टाकी फार लहान असते. इंटेलच्या डिझाइन मार्गदर्शिकेत ही टाकी पुरण्याची मुदत साधारण १६-१७ मिलिसेकंदांची आहे, म्हणजे एका आवर्तनाहूनही कमी. एसएमपीएस जुना झाला की कपॅसिटरची क्षमता घटते आणि ही मुदत आणखी आखूड होते.

मुदत संपली की काय होते? मदरबोर्डला जाणाऱ्या २४ पिनांच्या जाड जोडणीत एक तार असते, जुन्या रंगीत केबलींमध्ये राखाडी. तिच्यावर ५ व्होल्टचा एक संकेत असतो. त्याचा अर्थ ‘सगळे व्होल्टेज ठीक आहेत’ असा. व्होल्टेज घसरायला लागताच एसएमपीएस हा संकेत काढून घेतो आणि मदरबोर्ड त्याच क्षणी प्रोसेसरला रिसेट करतो. विंडोजला विचारले जात नाही, निळी स्क्रीन येत नाही, आवाज मधेच तुटतो आणि थेट कंपनीचा लोगो दिसतो. वीज पूर्ण गेली तर पीसी बंद पडून बंदच राहायला हवा, पण बायोसमध्ये ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ ही सेटिंग चालू असेल तर वीज येताच तो आपणहून सुरू होतो आणि आपण त्याला रिस्टार्ट समजतो. ती सेटिंग तपासताना बंद करून ठेवावी. त्यानंतर पीसी रिस्टार्ट होण्याऐवजी बंदच सापडला तर निम्मे उत्तर मिळाले.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचे बटण जरूर पाहा. बऱ्याच इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असे दोन पर्याय असतात. नॉर्मल पर्यायात वीज गेल्यावर बॅटरीवर यायला इन्व्हर्टर जास्त वेळ घेतो आणि कमी-जास्त व्होल्टेजही तसेच पुढे सोडतो. दिवे-पंख्यांना तेवढे चालते. पीसी त्याच लाइनवर असेल तर बटण यूपीएसवर हवे. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर आणखी एक अडचण येते. अॅक्टिव्ह पीएफसी असलेल्या काही नव्या एसएमपीएसना ती वीज मानवत नाही आणि बॅटरीवर आल्या आल्या ते बंद पडतात. अशा घरी पीसीला वेगळा साइनवेव्ह यूपीएस देणे हाच सरळ उपाय.

दोष बाहेरच्या विजेचा आहे का, याची परीक्षा सोपी आहे. पीसीच्याच एक्स्टेंशन बोर्डावर एक टेबल लॅम्प लावून ठेवा आणि रिस्टार्टच्या क्षणी तो लुकलुकतो का पाहा. रिस्टार्टची वेळ मिनिटासह वहीत लिहा. सोसायटीची पाण्याची मोटर, लिफ्ट, स्वतःच्या घरातला फ्रीज किंवा गीझर, यांच्याशी ती वेळ जुळते का पाहा. सॉकेटमध्ये पिन सैल बसते का, एसएमपीएसच्या मागे लागणारी केबल हलवली की हलते का, हेही पाहा. जुन्या वाड्यातले किंवा चाळीतले वायरिंग असेल तर वायरमनकडून आर्थिंग तपासून घ्या. शक्य असेल तर पीसी दोन-तीन दिवस एखाद्या मित्राच्या घरी चालवा. तिथे तो शांत राहिला तर दोष बहुधा कॅबिनेटच्या बाहेर आहे.

आता विंडोजची साक्ष. अॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ उघडून ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ समोरची खूण काढा. यामुळे विंडोजने स्वतः रिस्टार्ट केला असेल तर पुढच्या वेळी निळी स्क्रीन थांबून राहील आणि तिच्यावरचा मजकूर वाचता येईल. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. तिथे लाल खुणेची ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद हमखास सापडते. नावात पॉवर आहे म्हणून बहुतेक जण इथेच एसएमपीएसला दोषी ठरवतात. घाई होते ती इथेच. ही नोंद यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर लिहिली जाते आणि तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झाली नव्हती. त्यामागचे कारण तिलाही माहीत नसते.

कामाचे असते ते त्या नोंदीच्या ‘डिटेल्स’ भागात. तिथे ‘बगचेककोड’ समोर शून्य असेल तर विंडोजला काही कळायच्या आत सगळे थांबले, म्हणजे वीज, रिसेट किंवा हार्डवेअर. शून्याखेरीज आकडा असेल तर निळी स्क्रीन आली होती, आपण ती पाहिली नाही एवढेच. हा आकडा साध्या दशमान पद्धतीत असतो आणि चुकांची यादी षोडशमान पद्धतीत, त्यामुळे तो बदलून घ्यावा लागतो. २९२ म्हणजे षोडशमान १२४, प्रोसेसरने कळवलेली हार्डवेअरची चूक. २७८ म्हणजे ११६, ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर. २६ आला तर स्मृतीचा घोळ, आणि बहुधा रॅम तपासायची वेळ. त्याच यादीत ‘व्हीआ-लॉगर’ नावाची, १८ क्रमांकाची नोंद दिसली तर ती पूर्ण वाचा. तिच्यात प्रोसेसरच्या कोअरचा एपिक आयडी असतो. दर वेळी तोच आयडी येत असेल तर एकाच कोअरवर संशय घ्यायला जागा आहे.

यानंतर विचारायचे ते ‘केव्हा?’. गेम खेळताना किंवा व्हिडिओ रेंडर करताना होतो, की नुसता चालू ठेवल्यावर? भार असताना होणारे रिस्टार्ट बहुतेकांना उष्णतेचे वाटतात, विशेषतः मे महिन्यात पारा चाळिशीला टेकलेला असताना. माझ्या मते उष्णतेला गरजेपेक्षा जास्त दोष दिला जातो. आजचा प्रोसेसर तापला की आधी आपला वेग कमी करतो आणि तरीही तापत राहिला तर पीसी बंद करतो. बंद होऊन थंड होईपर्यंत बंद राहणे हे उष्णतेचे लक्षण, लगेच पुन्हा सुरू होणे तितकेसे नाही. तरी खात्री करून घ्यावी. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर दर दोन सेकंदांनी तापमान फाइलमध्ये लिहून ठेवते. रिस्टार्टनंतर त्या फाइलची शेवटची ओळ पाहिली की प्रोसेसर किती तापला होता ते कळते. टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेले कॅबिनेट बाहेर काढा आणि कूलरच्या तळाचे प्लॅस्टिक जोडताना काढले होते का तेही पाहा.

भार असताना जास्त संशय घ्यावा तो १२ व्होल्टच्या वाटेवर. मोठी ग्राफिक्स कार्डे सरासरीने जेवढी वीज घेतात त्याहून बरीच जास्त वीज काही मायक्रोसेकंदांपुरती ओढतात. तेवढ्या झटक्याला एसएमपीएसचे संरक्षण बिथरते आणि तो बंद होतो. म्हणूनच २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात, मोठ्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता आपल्या क्षमतेच्या दुप्पट झटका सोसावा अशी अट घातली गेली. याची परीक्षाही फुकट आहे. एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम खेळा. रिस्टार्ट थांबले तर संशय एसएमपीएस आणि केबलींवर. कार्डाला दोन जोडण्या लागत असतील आणि त्या एकाच केबलच्या दोन तोंडांवरून दिल्या असतील तर दोन स्वतंत्र केबली लावा. पुष्कळदा इतक्यावरच भागते.

रिकामा बसलेला पीसी रिस्टार्ट होत असेल आणि प्रोसेसर रायझन असेल तर बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ शोधून तिथे ‘टिपिकल करंट आयडल’ निवडा. काम नसताना हे प्रोसेसर इतकी कमी वीज घेतात की काही एसएमपीएसना तेवढ्या कमी भारावर व्होल्टेज स्थिर ठेवता येत नाही. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांची गोष्ट वेगळी. त्यांतले काही प्रोसेसर स्वतःच जास्त व्होल्टेज मागून हळूहळू खराब होतात, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले, ऑगस्टपासून सुधारित मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस अपडेट पुढचे नुकसान टाळतो, झालेले भरून काढत नाही. तसा प्रोसेसर असेल तर वॉरंटीत बदलून मागा. आणि बायोस अपडेट यूपीएसवरच करा, ढग दाटलेले असताना मुळीच नको.

रॅमसाठी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करून पाहा. ते चालू करणे म्हणजे रॅम नेमलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणेच आहे. दोन वेगळ्या वेळी घेतलेल्या रॅमच्या जोड्या एकत्र लावल्या असतील तर हे आधी करा. मग मेमटेस्ट८६प्लस रात्रभर चालवा. एक जरी चूक दिसली तरी एकेक रॅम, प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत लावून, वेगवेगळी तपासा. कॅबिनेटमधली दोन कामेही याच वेळी उरका: रिसेट बटणाची तार मदरबोर्डवरून काढून ठेवा, कारण अडकलेले बटण हेच सगळे करू शकते, आणि बोर्डाखाली जादा पितळी स्टँड-ऑफ राहिलेला नाही ना ते पाहा. एसएमपीएस मात्र घरी उघडू नका. वायर काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टहून जास्त दाब राहू शकतो.

एका वेळी एकच बदल करा, आणि थांबा. किती थांबायचे याचा हिशेब आहे. सरासरी दोन दिवसांनी रिस्टार्ट होत असेल तर दोन शांत दिवसांवरून काहीच ठरत नाही. काहीही सुधारले नसताना सहा दिवस निव्वळ योगायोगाने शांत जाण्याची शक्यता साधारण शंभरात पाच. म्हणून नेहमीच्या अंतराच्या तिप्पट थांबल्याशिवाय ‘बरा झाला’ म्हणू नये.

इतके करून बोट एसएमपीएसकडेच गेले तर विकत घेण्याआधी कोणाचा तरी उसना आणून लावा. उसना आणताना त्याच्या केबलीही सोबत आणा. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबलींचे एसएमपीएसकडचे टोक बऱ्याच कंपन्यांचे सारखेच दिसते, पण पिनांचा क्रम वेगळा असू शकतो. जुन्या केबली नव्या एसएमपीएसला लावल्या तर १२ व्होल्ट ५ व्होल्टच्या जागी जाऊन हार्ड डिस्क आणि एसएसडी क्षणात जळू शकतात, आणि त्यांच्यावरचा डेटा वॉरंटीत परत मिळत नाही.