कथात्म साहित्यातील विदूषक : विश्वसनीय व्यक्तिचित्रणाच्या काही वाटा

प्रस्तावना

विदूषक हे पात्र रंगभूमीवर सहज उभे राहते. कथा-कादंबरीत मात्र ते उभे करताना लेखकाचा कस लागतो. रंगभूमीवर नटाचा देह, त्याची चाल, आवाजातील चढउतार आणि समोर बसलेला प्रेक्षक यांची साथ विदूषकाला लाभते. मुद्रित पृष्ठावर यांपैकी काहीही नसते. तेथे केवळ शब्द असतात आणि एकटा, शांतपणे वाचणारा वाचक असतो. त्यामुळे 'तो इतका विनोदी होता की सारा तंबू हास्याने दुमदुमून गेला' असे लेखकाने कितीही वेळा लिहिले तरी वाचकाच्या चेहऱ्यावर स्मितरेषाही उमटत नाही. हास्य घडल्याची वार्ता त्याला मिळते. हास्य मिळत नाही. प्रस्तुत लेखात विदूषक, सोंगाड्या आणि सर्कशीतील जोकर या परस्परांशी नाते सांगणाऱ्या पात्रांचा विचार कथात्म लेखनाच्या दृष्टीने केला आहे. ही तिन्ही पात्रे एकच नव्हेत, याची जाणीव ठेवूनच हे विवेचन केले आहे.

येथे 'विश्वसनीय' हा शब्द मर्यादित अर्थाने वापरला आहे. विदूषकाने केलेली कृती त्याच्या स्वभावातून, भुकेतून, भीतीतून व व्यवसायातून आली आहे असे वाचकास वाटणे, एवढाच तो अर्थ होय.

दुःखी विदूषकाचा साचा

महाविद्यालयीन वार्षिकांकासाठी येणाऱ्या कथा वाचताना एक कथानक वारंवार समोर येते. जोकरच्या घरी कोणाचा तरी मृत्यू होतो, मालक सुट्टी नाकारतो, जोकर रंग फासून रिंगणात उतरतो, प्रेक्षक हसतात आणि गालावरील रंगातून अश्रू ओघळतो. विद्यार्थ्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण हा साचा फार जुना आहे. एक खिन्न मनुष्य वैद्याकडे जातो, वैद्य त्यास शहरात आलेल्या प्रसिद्ध विदूषकाचा खेळ पाहण्याचा सल्ला देतो आणि 'तो विदूषक मीच' असे उत्तर त्यास मिळते, ही आख्यायिका इंग्लंडमधील जोसेफ ग्रिमाल्डी (१७७८-१८३७) याच्या नावावर सांगितली जाते व इतरही अनेकांच्या नावावर खपविली जाते. ग्रिमाल्डीच्या आठवणींचे संपादन चार्ल्स डिकन्सने १८३८ मध्ये केले होते. त्यामुळे साहित्यविश्वात या दुःखी विदूषकाच्या प्रतिमेस आणखी बळ मिळाले असावे.

या साच्यातील दोष दुःखात नाही. दोष असा की, त्यात दुःख व विनोद यांचा परस्परांशी संबंधच नसतो. मृत्यूची वार्ता कोणत्याही कारकुनाला अथवा शिक्षकाला येऊ शकते. येथे विदूषक केवळ विरोधाभासाच्या सोयीसाठी निवडलेला असतो. रंगाखाली कोण आहे हे लेखकास ठाऊक नसते, म्हणून तो तेथे अश्रू ठेवतो.

याउलट हाइनरिश ब्योल यांच्या १९६३ साली प्रकाशित झालेल्या जर्मन कादंबरीतील हान्स श्नीर पाहावा. 'एका विदूषकाची मते' असे तिच्या नावाचे मराठीकरण करता येईल. श्नीरची प्रिया मारी त्यास सोडून गेली आहे आणि तो खोलवर दुखावला आहे. परंतु वाचकास प्रथम जाणवतो तो त्याचा सुजलेला गुडघा. चॅप्लिनची नक्कल करताना रंगमंचावर तो घसरून पडला आहे. मिळकत घटत चालली आहे, मद्यपान वाढले आहे, जवळ पैसा जवळपास उरलेला नाही. बॉनमधील घरात बसून तो एकामागून एक दूरध्वनी करीत राहतो. त्याचे दुःख त्याच्या धंद्याच्या हिशेबातून वाचकापर्यंत पोहोचते, कारण ज्याचे शरीर हेच भांडवल त्याला गुडघ्याची दुखापत म्हणजे दिवाळखोरीची सूचना असते. म्हणूनच युद्धोत्तर जर्मन समाजातील ढोंगावरील त्याचे शेरे लेखकाने त्याच्या तोंडी घातलेले भाषण वाटत नाहीत.

मैत्रेय : भूक, निष्ठा आणि अनर्थ

या प्रश्नाचे सर्वांत समाधानकारक उत्तर आपल्या परंपरेत शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'ने देऊन ठेवले आहे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. गोविंद बल्लाळ देवलांच्या रूपांतरामुळे हे नाटक मराठी रसिकांच्याही परिचयाचे आहे. संस्कृत नाटकातील विदूषक म्हणजे खादाड, भित्रा, ब्राह्मण असूनही प्राकृत बोलणारा, असे एक ठोकळेबाज वर्णन आपण वर्गात सांगून मोकळे होतो. मैत्रेयामध्ये ही सर्व लक्षणे आहेत. परंतु शूद्रकाने यांतील प्रत्येक लक्षणास कथानकात काम दिले आहे.

त्याची भूकच पाहू. पहिल्या अंकात मैत्रेयाला चारुदत्ताच्या वैभवाच्या काळातील सुग्रास मोदकांची आठवण येते. आता तो दिवसभर अन्यत्र पोटासाठी हिंडतो आणि पारव्याप्रमाणे रात्री निवाऱ्यापुरता मित्राच्या घरी परततो. वाचक हसतो, पण त्याच वेळी, जेवण संपले तरी हा मनुष्य या घरी परत का येतो, हा प्रश्नही त्याच्या मनात उमटतो. मैत्रेयाच्या निष्ठेविषयी नाटककारास वेगळे काही सांगावे लागत नाही. पुढे वसंतसेनेच्या प्रासादातील चौकामागून चौक ओलांडताना स्वयंपाकघरातील वासाने तो व्याकूळ होतो. मात्र त्याला साधे पाणीही कोणी विचारत नाही. पाचव्या अंकात गणिकेचा नाद सोडण्याचा उपदेश तो चारुदत्तास करतो, त्यामागे व्यवहारज्ञान किती आणि रिकामे पोट किती, हे ठरविणे अवघड आहे. व्यक्तिचित्रणाची खरी गोडी या अवघडपणात आहे.

तिसऱ्या अंकात वसंतसेनेच्या अलंकारांची पेटी रात्री सांभाळण्याचे काम मैत्रेयाकडे येते. ती जोखीम त्यास नको असते. झोपेत तो बरळतो आणि चारुदत्त समजून ती पेटी शर्विलक या चोराच्या हाती स्वतःच देतो. सकाळी घराला भगदाड पडलेले दिसताच, आपण पेटी वेळीच मित्राच्या हवाली करून केवढे शहाणपण केले, असे तो अभिमानाने सांगू लागतो. चोरी झाली आहे हे प्रेक्षकास ठाऊक आहे, चारुदत्तास अद्याप ठाऊक नाही, आणि या दोहोंमध्ये मैत्रेयाचा अभिमान उभा आहे. येथे एकही चुटका नाही. तरीही संस्कृत नाट्यवाङ्मयातील उत्कृष्ट विनोदी प्रसंगांत याची गणना करावी लागेल.

नवव्या अंकात हेच सूत्र उलटे फिरते. चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आळ आलेला असतो. तिचे दागिने परत करण्यासाठी निघालेला मैत्रेय मित्रावरील संकट ऐकून न्यायसभेत येतो. तेथे शकाराशी त्याची बाचाबाची होते, ती हातघाईवर येते आणि त्याच्या काखेतील दागिने सर्वांसमक्ष जमिनीवर पडतात. तोच पुरावा ठरतो. तिसऱ्या अंकातील वेंधळेपणा आणि येथील वेंधळेपणा यांत स्वभावतः काहीच फरक नाही. येथे त्याची किंमत तेवढी बदलली आहे. विदूषकाच्या दोषावर वाचक पूर्वार्धात हसलेला असेल, तर उत्तरार्धात त्या दोषाचे फळ त्यास खरे वाटते. पुढे वधस्थानाकडे नेल्या जाणाऱ्या चारुदत्ताकडे त्याच्या लहानग्या रोहसेनाला घेऊन मैत्रेयच येतो. तेव्हा त्यास एकही अश्रू उसना घ्यावा लागत नाही.

कालिदासाने विदूषकाचा उपयोग अधिक नेमका, काहीसा यंत्रवत केला आहे. 'शाकुंतला'त माधव्यास राजधानीकडे पाठविताना दुष्यंत त्यास आपले प्रेम ही केवळ थट्टा असल्याचे सांगतो. थट्टा हाच ज्याचा धर्म, तो ती खरी मानतो, म्हणून पुढे राजास आठवण करून देणारा कोणी उरत नाही. 'मालविकाग्निमित्रा'तील गौतम सर्पदंशाचे सोंग करून राणीची नागमुद्रेची अंगठी मिळवितो आणि नंतर अंगावर पडलेल्या वाकड्या काठीला साप समजून घाबरतो. सोंगाचा असा सूड कथालेखकास शिकण्याजोगा आहे.

कागदावरील हास्य

विनोदासाठी दुसरा माणूस लागतो, ही बाब तमाशाच्या बतावणीवरून स्पष्ट होते. गण-गौळणीनंतर येणाऱ्या बतावणीत सोंगाड्याचा हजरजबाबीपणा फुलतो तो समोरच्याच्या प्रश्नामुळे. जो गंभीर आहे, ज्याला आपला अधिकार प्रिय आहे, असा सरदार वा पाटील समोर नसेल तर सोंगाड्याचे बोलणे हवेत विरते. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या बंधूंनी 'जहरी प्याला' या वगातील हवालदारांच्या भूमिका अजरामर केल्या. त्यांचा विनोद दोघांमध्ये जन्म घेत असे. अनेक मराठी कथांतील जोकर एकटाच विनोद करतो आणि 'लोक' नावाचा निराकार समूह हसतो. त्याऐवजी हसणारा एक, न हसणारा एक आणि उशिरा हसणारा एक, अशी तीन माणसे लेखकाने योजली तर प्रसंगास आकार येतो. कोणास हसू आले यापेक्षा कोणास आले नाही, हे वाचक अधिक लक्षात ठेवतो.

हीच गोष्ट पात्राच्या प्रवेशासही लागू पडते. 'किंग लिअर'मधील विदूषक रंगमंचावर येण्यापूर्वीच, धाकटी राजकन्या फ्रान्सला गेल्यापासून तो झुरत असल्याचे एक सरदार सांगतो. त्या एका माहितीमुळे पुढील प्रत्येक तिरकस बोलण्यास एक आतली बाजू मिळते. शेक्सपिअरने याहून अधिक खुलासा केलेला नाही. तिसऱ्या अंकानंतर तर हे पात्र नाहीसेच होते.

विसाव्या शतकात पॅरिसमध्ये झाक लकॉक यांनी दिलेल्या नटशिक्षणात विदूषकाच्या फजितीस मध्यवर्ती स्थान होते. नट हसविण्याचा आटापिटा करतो तेव्हा कोणी हसत नाही. तो हताश होतो तेव्हा प्रेक्षक हसू लागतात. कथालेखकाने हे आवर्जून लक्षात घ्यावे. विदूषकाने प्रयत्न करावा आणि तो मनापासून करावा. आपण मजेशीर आहोत असे ज्यास वाटते, ते पात्र क्वचितच मजेशीर असते.

व्यवसायाचा तपशील व देहाचा प्रश्न

विष्णुपंत छत्रे यांच्या सर्कशीचा आरंभ १८८० सालचा. त्याच वर्षी अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आले. एका अर्थी तंबूतील जोकर आणि संगीत नाटकातील विदूषक आपल्याकडे एकाच वर्षी अवतरले. असे असूनही सर्कशीतील काम कसे चालते, याचे निरीक्षण आपल्या कथांतून अल्प आढळते. झोक्यांच्या खेळाची जाळी ताणली जात असताना वेळ भरून काढणे हे जोकरचे एक महत्त्वाचे काम असते. झोक्यावरून धडपडणारा जोकर अनेकदा कसलेला खेळाडू असतो, कारण चुकीचे पडण्याचे सोंग करण्यास अचूक पडता यावे लागते. पाश्चात्त्य सर्कशीत पांढऱ्या चेहऱ्याचा, रुबाबदार विदूषक हुकूम सोडतो आणि मोठ्या बुटांचा दुसरा तो हुकूम बिघडवितो. आपल्या बतावणीशी हे नाते मिळतेजुळते आहे. काळाचे भानही हवे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने २००१ मध्ये वाघ, सिंह, अस्वल, माकड इत्यादी प्राण्यांच्या खेळांवरील बंदी कायम झाली आणि २०११ मध्ये सर्कशीत बालकांना कामास ठेवण्यास मनाई झाली. त्यानंतरच्या काळात घडणाऱ्या कथेत सिंहाच्या पिंजऱ्याशेजारी झोपणारा बालजोकर आला, तर लेखकाने तंबू जुन्या चित्रपटातून उचलला आहे, हे उघड होते.

याहून नाजूक प्रश्न देहाचा आहे. आपल्या सर्कशींत कमी उंचीच्या अनेक व्यक्तींनी जोकर म्हणून उपजीविका केली. मराठी लेखनात अशा व्यक्तीचे वर्णन 'बुटका' या एका शब्दावर थांबते. मग ती करुणेचा विषय होते किंवा नियतीचे प्रतीक. दोन्ही प्रकारांत ती माणूस होत नाही. तिला पगाराची उचल किती मिळाली, ती कोणाशी पत्ते खेळते, सहकाऱ्याच्या कोणत्या सवयीचा तिला राग येतो, तंबूबाहेर बसथांब्यावर लोक फुकटात हसतात तेव्हा ती काय करते, हे लेखकाने विचारलेले नसते. रिंगणात हसणे विकत दिलेले असते. रस्त्यावरील हसणे तिने विकलेले नसते. हा भेद ज्यास कळला, त्यास कथा शोधावी लागणार नाही.

सोंगाड्याच्या बाबतीत असाच अन्याय बोलीद्वारे होतो. लेखक निवेदन प्रमाण मराठीत करतो, सोंगाड्याला ग्रामीण बोली देतो आणि ती बोली हाच विनोद मानतो. वस्तुतः ज्या गावात सारेच ती बोली बोलतात, तेथे तिच्यात हसण्यासारखे काही नसते. तेथील श्रोते हसतात ते शब्दावरील कोटीस, गावच्या पुढाऱ्यास बसलेल्या कोपरखळीस, नेमक्या वेळी घेतलेल्या विरामास. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये हशा येतो तो राजसत्तेच्या कारभाराकडे पाहणाऱ्या तिरक्या नजरेमुळे. ते संवाद प्रमाण भाषेत लिहून पाहिले तरी त्यांतील चावा बऱ्याच अंशी शिल्लक राहतो. आपल्या सोंगाड्याचे एखादे पान प्रथम असे प्रमाण भाषेत उतरवून पाहावे. चावा उरला, तर बोली त्यास पुन्हा बहाल करण्यास हरकत नाही.