गळ टाकणाऱ्यांची मोजदाद

अमेरिकेत उन्हाळी सुट्टीत काही महाविद्यालयीन मुलांना एक गमतीचे काम मिळते. सरोवराकाठी गळ टाकणाऱ्यांना गाठायचे आणि विचारायचे : किती तास बसलात, किती मासे लागले, किती परत सोडले? मासा पट्टीने मोजायचा. (थापा तिकडेही असतातच!) पाहणीचे दिवस चिठ्ठ्या काढाव्यात तसे ठरतात, नाहीतर वहीत रविवारचीच गर्दी उतरायची.

मिनेसोटातील मिल लॅक्स सरोवरात वॉलाय माशाचा कोटा राज्य आणि ओजिब्वे आदिवासी यांच्यात वाटलेला. अशाच पाहणीवरून २०१५ साली राज्याचा वाटा संपल्याचे दिसले आणि ऑगस्टच्या सुरुवातीलाच वॉलायची मासेमारी बंद झाली. काठावरचे लॉजवाले ऐन हंगामात हवालदिल झाले.