डिकीची गाडी : नवी की जुनी?

टी. वाय. बी. ए. (अर्थशास्त्र)

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने कविता लिहावी, सहलीचे वर्णन लिहावे, फार तर निवडणुकीवर चार शब्द लिहावेत, असा आपल्या वार्षिकाचा रिवाज. मी मोटारगाडीवर लिहिणार म्हटल्यावर संपादक प्राध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. परंतु गेले वर्षभर आमच्या घरात याखेरीज दुसरा विषयच नव्हता. आणि वर्गात आपण घसारा, संधिव्यय, व्याज हे शब्द घोकून पाठ करतो, ते प्रत्यक्षात काय करतात हे मला याच व्यवहारात समजले. तेव्हा विषयांतर झाले असे कोणी मानू नये.

आमचे गाव तासगावजवळ. २०२५ च्या आरंभापासून आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी मिरजेला न्यावे लागते. जाऊन येऊन सत्तर किलोमीटर. पहिले दोन महिने एस.टी. आणि रिक्षा केली. जाताना ते जमे. येताना तिचा रक्तदाब उतरलेला, पाय लटपटणारे, आणि स्टँडवर बसायला जागा नाही. मग भाड्याची गाडी सुरू झाली. आण्णा प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. मिळालेल्या रकमेतून गाडीसाठी सात, फार तर साडेसात लाख काढता येतील, बाकीच्या पैशाला हात लावायचा नाही, असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. बाकीचा पैसा कशासाठी, हे कोणी विचारले नाही. पुढेमागे मूत्रपिंड बदलण्याची वेळ आली तर त्यासाठी, हे सर्वांनाच ठाऊक होते.

आळीतल्या प्रत्येकाचा सल्ला एकच : "उंच गाडी घ्या, हल्ली डिकीची गाडी घेतो कोण?" हे खरेच आहे की सेडानचे दिवस सध्या फारसे बरे नाहीत. पण आम्ही आईलाच निरनिराळ्या गाड्यांत बसवून पाहिले. उंच गाडीत चढताना तिला पाय उचलून दाराच्या कडीला धरावे लागे. सेडानमध्ये ती आधी टेकायची आणि मग पाय आत घ्यायची. उठताना मात्र हात द्यावा लागतो. हा सेडानचा दोष आहे आणि तो लपविण्यात अर्थ नाही. दुसरी गोष्ट मागच्या सीटची. मागे पाय पसरून, मान टेकवून येता आले पाहिजे. आणि तिसरी म्हणजे घडीची चाकाची खुर्ची. लहान गाडीत ती ठेवायची तर मागची अर्धी सीट पाडावी लागते. सेडानच्या पाचशे लिटरच्या डिकीत ती आडवी मावते आणि वर पिशव्याही राहतात.

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. बाजारात दोन तऱ्हेच्या सेडान दिसतात. एकीची डिकी कापून टाकल्यासारखी आखूड, दुसरीची लांब. हा काही कारागिराचा लहरीपणा नव्हे, तो करपद्धतीचा परिणाम आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतील, लहान इंजिनाच्या गाड्यांवर उत्पादनशुल्क कमी करण्यात आले, आणि तेव्हापासून कंपन्या फूटपट्टी घेऊन बसल्या. डिझायर ही आधी चार मीटरहून लांब होती, ती २०१२ मध्ये आखूड करण्यात आली. ही रेषा अजून तशीच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांवर १८ टक्के जी.एस.टी. लागतो, त्याहून लांब गाडीवर ४० टक्के. (त्यापूर्वी सिटी, व्हर्ना यांच्या वर्गावर उपकर धरून ४५ टक्के होता, म्हणजे उतरला तो पाचच टक्क्यांनी.) अर्धा मीटर जास्त पत्र्याला सरकार दुपटीहून अधिक दराने कर घेते! आईचे गुडघे मात्र त्या अर्ध्या मीटरातच मोकळे होत होते, म्हणून आम्ही मोठ्या वर्गाकडे वळलो : सिटी, व्हर्ना, सियाझ, आणि आपल्या चाकणला तयार होणाऱ्या स्लाव्हिया व व्हर्टस.

आता हिशेब. नवी घ्यावी तर दुकानात अकरा लाखांची पाटी असलेली पेट्रोल गाडी आपल्या राज्यातला १२ टक्के वाहनकर आणि विमा भरून रस्त्यावर येईपर्यंत तेरा लाखांच्या घरात जाते. पाच वर्षांनी तिचे सात लाख आले असे समजू. म्हणजे सहा लाख गेले. वर्षाला एक लाख वीस हजार. याखेरीज आमच्याकडे सातच लाख, म्हणजे वरचे सहा लाख कर्जाने. ९ टक्के दराने पाच वर्षांत त्याचे व्याज १ लाख ४७ हजारांच्या आसपास होते, आणि महिन्याचा हप्ता साडेबारा हजारांचा. शोरूममधला तरुण आम्हाला हप्ता तेवढा सांगत होता, व्याजाची बेरीज सांगत नव्हता. त्याचे तरी काय चुकले? आम्हीही विचारत नव्हतो.

उलट पाच वर्षे वापरलेली तीच गाडी सात लाखांना घेतली आणि आणखी पाच वर्षांनी साडेतीन लाखांना विकली, तर वर्षाला सत्तर हजार गेले. गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत झपाट्याने उतरते. विमा कंपन्यांचे जे घसाऱ्याचे कोष्टक आहे त्यात पहिल्या सहा महिन्यांस ५ टक्के, वर्ष पूर्ण होताच २० आणि चौथ्या-पाचव्या वर्षी ५० टक्के कापतात. बाजारभाव अगदी तसाच चालतो असे नाही, पण कल तोच. वाहनकरही पहिल्या मालकाने एकरकमी भरलेला असतो. राज्यातल्या राज्यात गाडी हस्तांतरित झाली तर तो पुन्हा भरावा लागत नाही. मात्र जुन्या गाडीला टायर, बॅटरी, सस्पेन्शन, क्लच यांचा खर्च केव्हा ना केव्हा येणारच. त्यासाठी मी वर्षाला पस्तीस हजार धरले. कोणी कमी धरीत असेल तर त्याने आपल्या जबाबदारीवर धरावे.

मी आण्णांना आणखी एक हिशेब दाखविला, तो त्यांना आवडला नाही. भाड्याची गाडी एका खेपेस अठराशे रुपये घेई. वर्षाच्या १०४ खेपांचे १,८७,२०० झाले. स्वतःच्या जुन्या गाडीचे घसारा ७०,०००, दुरुस्ती ३५,०००, विमा १५,००० आणि पेट्रोल ४८,५०० (वर्षाला ७,२८० किलोमीटर, लिटरला पंधरा, आणि लिटरचे शंभरच रुपये धरून) मिळून १,६८,५०० होतात. फरक अवघा १८,७०० रुपयांचा! एवढ्यासाठी सात लाख अडकवायचे का? आण्णा म्हणाले, "रात्री दोनला तिला धाप लागली तर तुझा भाड्याचा ड्रायव्हर फोन उचलेल का?" ऑगस्टमध्ये एकदा त्याने तो उचलला नव्हता. अर्थशास्त्राच्या पुस्तकात या रकान्याला काय नाव आहे ते सरांनी सांगावे.

डिझेलचा प्रश्न आपोआप निकालात निघाला. या वर्गात नवी डिझेल गाडी २०२३ पासून मिळतच नाही. जुनी मिळते, पण वर्षाला सात हजार किलोमीटर धावणाराने ती घेऊन उपयोग नाही, बी.एस. ६ डिझेल गाडीतली काजळी अडविणारी जाळी लहान लहान खेपांनी तुंबते, आणि तिचा खर्च मोठा असतो.

मग जुन्या गाड्या पाहणे सुरू झाले. या कामी आमच्या गावचे मेस्त्री उपयोगी पडले. ते आण्णांचे जुने विद्यार्थी. गाडी बघायला जाताना ते स्वतःजवळ एक लोहचुंबक, एक विजेरी आणि जुने धोतर एवढेच घेत. आधी निरोप देत की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. आणि गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवीत. गरम लागले की त्यांची मर्जी गेली. गार इंजिन चालू करतानाच त्याचे आजार कळतात, असे त्यांचे म्हणणे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते. पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी आत जाते. ऑइलच्या झाकणाच्या आत सायीसारखा थर दिसला तर पुढे बोलणेच नको.

एका शहरातल्या विक्रेत्याकडे पांढरीशुभ्र सेडान होती. २०१८ ची, मीटरवर ३१ हजार, किंमत सहा लाख दहा हजार. आण्णांच्या खिशात बयाण्याचे पंचवीस हजार होते आणि त्यांचा हात खिशाकडे गेलाही होता. मेस्त्रींनी टायर दाखविले. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायरांवर १४२२, म्हणजे २०२२ चा चौदावा आठवडा. चार वर्षांत, एकतीस हजारांच्याही आत, चारही टायर का बदलावे लागले? याला विक्रेत्याकडे उत्तर नव्हते. मग मेस्त्रींनी धोतर अंथरून खाली अंग टाकले, सीटच्या लोखंडी पट्ट्यांवर विजेरी मारली, तेथे गंज. पुढचा पट्टा शेवटपर्यंत ओढला. वरचा भाग नवा दिसणारा, आतल्या हातभर भागावर मातकट रेषा. स्टेपनी उचलली तर खाचेत बारीक वाळलेला गाळ. आत अत्तराचा इतका घमघमाट की डोके दुखावे. मेस्त्री उठून हात पुसत म्हणाले, "गुरुजी, ह्या गाडीनं पूर बघितलाय."

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आपण सर्वांनी पाहिले आहे. २०२१ मध्ये चिपळूणला तेच झाले. बुडालेली गाडी धुऊन, पुसून, रंगवून चालू होते. पण तिच्या वायरींच्या जोडांत आणि एअरबॅगच्या यंत्रणेत ओल राहिलेली असते, आणि ती केव्हा दगा देईल याचा नेम नसतो. घाटात बंद पडली तर मनस्ताप. आई आत असताना बंद पडली तर काय, याचा मी विचार करू शकत नाही. आण्णा परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत.

यानंतर मीही पाहायला शिकलो. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात तिच्या वर्षाची खूण असते. एकच काच वेगळ्या वर्षाची निघाली तर त्या बाजूने काही झाले असावे. दाराच्या बिजागरीच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे असले तर दार उतरविलेले आहे. चुंबक पत्र्याला जेथे चिकटत नाही तेथे लांबी भरलेली आहे. मीटरवर विश्वास न ठेवता सर्व्हिसिंगची बिले तारखेप्रमाणे लावावीत. किलोमीटरचे आकडे मध्येच उतरले तर काटा मागे फिरविलेला आहे. आणि पेडलवरचे रबर पाहावे. ते झिजून गुळगुळीत आणि मीटर तीस हजार, हे जमत नाही.

पण पत्र्याहून कागद महत्त्वाचे, हे मला सर्वांत उशिरा कळले. आर.सी.वरचा आणि चॅसिसवर कोरलेला क्रमांक एक आहे का, कर्जाचा बोजा आहे का, मालक कितवा, दंडाची चलने थकली आहेत का, हे वाहन पोर्टलवर आणि प्रत्यक्ष पाहून ताडावे. कर्ज फिटले असेल तर बँकेची सही असलेला नमुना ३५ हवा. हस्तांतरासाठी नमुना २९ व ३०. गाडी परराज्यातली असेल तर नमुना २८ चे ना-हरकत पत्र आणि आपल्या राज्याचा कर वेगळा. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या स्वस्त गाड्या इकडे येऊ लागल्या; त्या घेताना हा खर्च बेरजेत धरावा. विमाही आपल्या नावे करण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करावयाचा असतो. 'नो क्लेम बोनस' विकणाराचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही.

विकणारानेही हे नीट पाहिले पाहिजे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निर्णय दिला की आर.टी.ओ.च्या नोंदीत ज्याचे नाव तोच मालक. गाडी तीन-चार हात फिरली, अपघात झाला, आणि भरपाईची जबाबदारी आली ती पहिल्या नोंदलेल्या मालकावर. आपल्या वर्गातल्या ज्या मित्रांनी मोटारसायकली नुसत्या कोऱ्या नमुन्यावर सही करून विकल्या आहेत त्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

नवी गाडी कोणी घेऊच नये असे मी म्हणत नाही. रोज शंभर किलोमीटर धावणारा, दहा-बारा वर्षे तीच ठेवणारा, आणि पैसा अंगावर न घेता देऊ शकणारा माणूस नवी घेईल तर ते योग्यच. सुरक्षिततेच्या बाबतीतही नवी सरस. स्लाव्हिया, व्हर्टस आणि नव्या रूपाची व्हर्ना यांना २०२३ मध्ये ग्लोबल एन-कॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले. पण ते तारे २०१८ च्या व्हर्नाला लावून विकणारे महाभाग आम्हाला भेटले. नाव तेच असले तरी ती गाडी वेगळी. जुनी घेताना निदान दोन एअरबॅग आणि ए.बी.एस. यांखाली उतरू नये. नव्या गाडीत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली २०१९ मध्ये आणि शेजारच्याची सर्व गाड्यांत २०२२ मध्ये, त्यामुळे त्याआधीच्या गाडीत स्वतः खात्री करावी. २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल डोळ्यांपुढे ठेवून बनविलेल्या नाहीत, म्हणून इंधनाच्या रबरी नळ्याही तपासून घ्याव्यात.

अखेर दिवाळीनंतर सांगलीच्या एका निवृत्त गृहस्थांकडे २०२० ची पेट्रोल सियाझ मिळाली. पहिलेच मालक, सर्व बिले एका फायलीत, टायर मूळचे. म्हणजे ते बदलण्याचा खर्च लगेच. तो दाखवून आण्णांनी पंधरा हजार कमी करून घेतले. सौदा सहा लाख पंच्याऐंशी हजारांना ठरला. हे मॉडेल कंपनीने २०२५ च्या एप्रिलमध्ये बंद केले, म्हणून तिची किंमत थोडी पडली होती. मला सुटे भाग मिळतील का याची धास्ती होती. मेस्त्री म्हणाले, "हिचं इंजिन अर्टिगात बी हाय, घाबरू नका." कंपनीने देशच सोडला असता तर गोष्ट वेगळी.

आण्णांनी पैसे बँकेतून दिले, नमुन्यांवर सह्या दोघांनी समोरासमोर केल्या, आणि आर.सी. आईच्या नावावर होऊन येईपर्यंत त्या गृहस्थांनी दर आठवड्याला फोन करून चौकशी केली. त्यांनी तो निवाडा वाचला असावा. आई मागे डाव्या बाजूला बसते, मानेखाली उशी घेते आणि कवठेएकंदच्या पुढे बहुधा झोपते. मिरजेच्या रस्त्यावर रात्री गाडी चालविण्याची परवानगी मला अद्याप मिळालेली नाही.