‘टीटी’ला उतरायचं!

आपल्या इंदापूर-बारामतीकडून मुंबईला गेलेल्या बाईला विचारा, कुठं उतरलीस? दहातल्या सहाजणी सांगतील, ‘दादर टीटी’ला. मीही वर्षानुवर्षं हेच सांगत आले. टीटी म्हणजे काय, हा प्रश्न कधी पडलाच नाही. वाटायचं, असेल एखाद्या दुकानाचं नाही तर सिनेमा थिएटरचं नाव. परवा माझ्या मुलीनं विचारलं तेव्हा मी गप्पच बसले. उत्तर दिलं ते ओसरीवर लसूण सोलत बसलेल्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी.

“ट्राम टर्मिनस गं. तितं ट्राम संपायची. आमी चडायचो की तितनं.”

पंचाऐंशी वर्षांच्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या आत्याबाईंच्या तोंडून ‘टर्मिनस’ हा शब्द असा काही सहज आला की मी चहाचं आधण ठेवायचं विसरले. बरोबरच होतं त्यांचं. कागदोपत्री त्या चौकाचं नाव खोदादाद सर्कल. पण लोकांनी ट्रामचं नाव धरून ठेवलं. ट्राम जाऊन साठ वर्षं उलटली, तरी कंडक्टर अजून ‘टीटी, टीटी’ म्हणूनच ओरडतो.

आत्याबाई लग्न होऊन १९५७ साली लालबागला गेल्या. मामंजी गिरणीत होते. दहा बाय दहाची खोली, तिच्यात सात माणसं. त्यांच्या मुंबईच्या आठवणीत समुद्र नाही, राणीचा बाग नाही. आधी ट्राम येते.

मैत्रिणींनो, ही ट्राम म्हणजे नक्की काय, ते आपल्याकडच्या पुष्कळजणींना माहीत नसणार. रस्त्यातच, डांबराच्या पातळीत रूळ बसवलेले असतात. त्यावरून एक-दोन डब्यांची छोटी गाडी चालते. आजूबाजूनं टांगे, मोटारी, माणसं चाललेलीच असतात. वर एक तार. गाडीच्या टपावरचा दांडा त्या तारेला टेकलेला, तिथून वीज घ्यायची आणि खाली रुळातून ती परत पाठवायची. चालक उभा राहून हातानं मूठ फिरवतो आणि पायानं घंटा बडवतो. शेवटच्या थांब्याला गाडी वळवावी लागत नाही. वरचा दांडा उलट्या बाजूला फिरवला आणि चालक दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला की झालं. आपल्या पिठाच्या गिरणीचा पट्टा बदलायलासुद्धा याहून जास्त खटाटोप असतो!

सुरुवातीला मात्र वीज नव्हती, घोडे होते. ९ मे १८७४ रोजी मुंबईत पहिली ट्राम धावली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीला. डबा ओढायला एक नाही तर दोन घोडे. कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे, आणि गंमत म्हणजे तिकीटच नाही! पुढं गर्दी वाढली, भाडं दोन आण्यांवर आलं, आणि फुकट्यांचीही संख्या वाढल्यावर तिकिटं छापावी लागली. फुकटे तेव्हाही होतेच म्हणायचे. उन्हाळ्यात घोड्यांच्या डोक्यावर टोप्या घालत, असंही सांगतात. घोड्याला टोपी, आणि डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईला नुसता पदर.

७ मे १९०७ ला विजेवरची ट्राम आली. १९२० मध्ये दुमजली ट्राम निघाली. १५ जुलै १९२६ ला मुंबईत पहिली बस धावली, आणि ट्रामला सवत आली ती तेव्हाच. ७ ऑगस्ट १९४७ ला हा सगळा कारभार महापालिकेच्या ताब्यात आला. तीच आजची ‘बेस्ट’.

ट्राम काही फक्त मुंबईचीच नव्हती. आपल्या नाशिकलाही १८८९ साली ट्राम सुरू झाली होती, गावातून नाशिक रोड स्टेशनापर्यंत, घोड्यांची. ती १९३० नंतर लवकरच बंद पडली. तिचा आराखडा करणारे इंजिनिअर कॅलथ्रॉप साहेब. याच साहेबांनी पुढं आपल्या शेजारची, कुर्डुवाडीची बार्शी लाईट रेल्वे बांधली. नाशिकच्या ट्रामचे रूळ अडीच फूट रुंदीचे आणि बार्शी लाईटचेही तेवढेच. आपली दौंड-बारामतीची जुनी छोटी गाडीही अडीच फुटांचीच. ज्यांनी ती पाहिलीय त्यांनी डोळ्यांपुढं आणावी, म्हणजे ट्राम किती ठेंगणी असेल याचा अंदाज येईल.

आता आत्याबाईंची गोष्ट. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. थोरल्या जावेबरोबर त्या भायखळ्याच्या मार्केटला भाजी आणायला गेल्या. गर्दीत चुकामूक झाली. जवळ पैसा नाही, कारण पैसे जावेच्या कनवटीला. पाटी वाचता येत नाही, आणि खोलीचा पत्ता विचारावा तर चाळीचं नाव धड सांगता येईना. घशाला कोरड पडली.

“मग काय केलंत?”

“काय करणार? ट्रामच्या रुळाकडं बघितलं. म्हटलं, येताना याच्यावरनंच आलो की. मग रूळ धरून चालत सुटले. मागनं घंटा वाजली की बाजूला व्हायचं, गाडी गेली की परत रुळावर. एका ठिकाणी रूळ फुटत हुते, तितं एका म्हातारीला इचारलं. आले बरोबर लालबागला. जाऊबाई रडत बसलेल्या चाळीच्या दारात!”

मला हे ऐकून काटाच आला. सतरा वर्षांची पोर, इंदापूर तालुक्यातल्या गावातून आलेली, डोक्यावर पदर, आणि अख्ख्या मुंबईत तिच्या ओळखीचं काय, तर लोखंडाच्या दोन पट्ट्या. त्या दिवसानंतर मात्र त्या एकट्या जायला लागल्या. परळला दवाखान्यात, क्रॉफर्ड मार्केटला, नात्यातल्या बाळंतिणीला डबा द्यायला. सासरचे तक्रार करायचे नाहीत का, असं मी विचारलं. “करायचे की. पर ट्राम रूळ सोडून जाईल कुठं? आन् मी तरी कुठं जाणार? असं म्हटलं की गप बसायचे.”

त्या ट्रामच्या विजेची एक गोष्ट मात्र मला आत्याबाईंनी नाही, पुस्तकांनी सांगितली, आणि ती आपल्या भागातल्या बाईनं ऐकायलाच हवी. १९१६ पासून मुंबईच्या ट्राम कंपनीनं टाटांकडून वीज घ्यायला सुरुवात केली. ही वीज पाण्याची. लोणावळ्याच्या बाजूला, आपल्याच पुणे जिल्ह्यात, धरणं बांधून पाणी अडवलं आणि ते घाटाखाली खोपोलीला सोडून वीज केली. पुढं मुळशीचं धरण झालं. मावळ्यांची भाताची खाचरं, घरं, देवळं पाण्याखाली जाणार म्हणून १९२१ साली मुळशी सत्याग्रह उभा राहिला. सेनापती बापट पुढं होते, आणि मावळच्या बायाही त्यात उतरल्या होत्या. धरण थांबलं नाही. १९२७ पासून मुळशीच्या पाण्यावरची वीज मुंबईला जाऊ लागली.

हे पाणी मूळचं भीमेच्या खोऱ्यातलं. मुळा, इंद्रायणीतून भीमेला आणि भीमेतून आपल्या उजनीला येणारं. डोंगरापलीकडं वळवलं ते आजतागायत तिकडंच जातं. टाटांच्या धरणांचं पाणी भीमेत सोडा, ही मागणी आपल्या भागात मधूनमधून का उठते, ते यावरून कळेल. म्हणजे आत्याबाई लालबागला ज्या ट्राममध्ये बसत होत्या तिच्यात थोडी आपल्याच नदीची ताकद होती. आणि आत्याबाईंचं माहेर? ते उजनीच्या पाण्यात गेलं. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. मुळशीच्या बायकांचं ऐकवलं तेव्हा त्यांनी लसूण बाजूला ठेवला. “त्यांचं पन गेलं व्हय?” एवढंच म्हणाल्या. ट्रामबद्दल मात्र त्यांचं मन बदललं नाही, आणि मला वाटतं बदलायचं कारणही नाही. गाव कुणाचं बुडलं, हे तिकीट काढताना कुणी सांगत नाही.

मुंबईत मोटारी वाढल्या. रस्त्याच्या मधोमध चालणारी ट्राम वाटेत येते, असं वाटायला लागलं. तोटाही होत होता. १९५३ पासून एकेक मार्ग बंद होत गेला. शेवटी उरला बोरीबंदर ते दादर, म्हणजे आत्याबाईंचाच. ३१ मार्च १९६४ च्या रात्री दहाच्या सुमाराला बोरीबंदरहून शेवटची ट्राम निघाली. रस्त्याच्या दुतर्फा माणसं उभी होती. मामंजी धाकट्याला खांद्यावर घेऊन गेले होते. आत्याबाई गेल्या नाहीत. कडेवर तान्ही, चुलीवर भाकरी.

दुसऱ्या दिवसापासून बसच. आणि बस कुठल्याही रस्त्याला वळते! रूळ नाहीत, मग ओळखायचं कसं? तेव्हा आत्याबाईंनी थोरल्या मुलाच्या पाटीवर आकडे गिरवले. अक्षर आजही येत नाही, पण आकडा कुठलाही सांगा. घरात गॅसचा नंबर, दुधाचा हिशोब, माझ्या नणंदांचे फोन, सगळं त्यांच्याकडं. मी अजून वही धुंडाळते. १९८२ च्या संपानंतर मुंबई सुटली, आकडे सुटले नाहीत.

आता एस.टी.त पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून तिकीट लागत नाही, आणि १७ मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना निम्मं. त्यामुळं आत्याबाईंचं महिन्याला एकदा तरी बारामतीला लेकीकडं जाणं असतंच. गुडघे दुखतात, पण स्टँडवर गाडीची पाटी त्यांना विचारून चालत नाही आणि गाडी गावची आहे की कुठली, हे त्या मला विचारत नाहीत. शेजारच्या बाईला विचारतात, तेही पदर सावरत, जणू सहज.

मुंबईत २०१७ साली फ्लोरा फाउंटनपाशी रस्ता खोदताना डांबराखाली जुने ट्रामचे रूळ सापडले होते. मोबाईलवर फोटो काढून मी त्यांना दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या.

“आमचे न्हवं हे. आमचे लालबागचे,” म्हणाल्या, आणि परत लसणाकडं वळल्या.