आपोआप सुरू होणारा संगणक

कोल्हापूरच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर गगनबावडा वसले आहे. करूळ व भुईबावडा हे दोन्ही घाट येथूनच कोकणात उतरतात. चातुर्मासात येथे धुके घरात शिरते, भिंतींना ओल येते आणि विजेचा लपंडाव चालतो. अशा दिवसांत बंद करून ठेवलेला संगणक मध्यरात्री अचानक सुरू झाला, की घरातील मंडळी धास्तावतात. कोणास बाधेची शंका येते, तर कोणास चोरट्या हातांची. परंतु निमित्तावाचून कार्य घडत नाही, हे आपल्या दर्शनाने शिकविलेच आहे. ते निमित्त शोधणे फारसे कठीण नाही.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ ही रचना आणली. तेव्हापासून घरगुती संगणकाचे बटण वीजपुरवठा तोडत नाही, केवळ संकेत देते. भिंतीवरील बटण चालू असेपर्यंत ५ व्होल्टचा एक क्षीण प्रवाह आत जागा राहतो आणि संकेताची वाट पाहतो. म्हणून संकेत कोठून येतो, एवढेच शोधावयाचे असते.

त्यासाठी एक लहान नोंदवही पुरेशी आहे. संगणक कधी सुरू झाला, त्याआधी वीज गेली होती काय, हवा कशी होती, हे आठवडाभर लिहावे.

वीज परत येताच तो सुरू होत असेल, तर कारण ‘बायोस’मध्ये आहे. संगणक सुरू होताना ‘डिलीट’ किंवा ‘एफ-२’ कळ दाबून तेथे जाता येते. वीज परतल्यावर काय करावे, हे सांगणारा पर्याय तेथे असतो; तो ‘पॉवर ऑफ’ वर ठेवावा.

ठरावीक वेळी सुरू होत असेल, तर बायोसमधील गजर पाहावा. संगणक पूर्ण बंद न करता ‘स्लीप’मध्ये ठेवला असेल, तर विंडोजची नियोजित कामे, माउसचा हलका धक्का किंवा नेटवर्कचा संदेशही त्यास जागे करतो. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधील ‘पॉवर ट्रबलशूटर’ या नोंदीत पुष्कळदा त्याचे कारण सापडते.

वेळेचा मेळ लागत नसेल आणि दमट हवेतच हे घडत असेल, तर बटणावर संशय घ्यावा. ओल व धूळ साचून बटणाचे दोन बिंदू आपसांत जोडले जातात आणि कोणी न दाबताही संकेत जातो. भिंतीवरील पुरवठा तोडून, वायर काढून, पेटी उघडावी व बटणाची दोन टोकांची तार मदरबोर्डवरून सोडवावी. नंतर पुरवठा जोडूनही संगणक स्वतःहून सुरू झाला नाही, तर दोष बटणाचा. तरीही झाला, तर वीजपुरवठ्याचा डबा किंवा मदरबोर्ड सदोष आहे. तो डबा मात्र घरी कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही त्यात धोकादायक विद्युतभार शिल्लक असू शकतो. तेथे जाणकारासच बोलवावे.

पावसाळ्यात उबेसाठी किडे-मुंग्या पेटीत आश्रय घेतात. म्हणून ती उघडताना आदाननिक्षेपण समितीचे स्मरण ठेवावे. आधी नीट पाहावे, मऊ कुंचल्याने जीव अलगद बाजूला करावेत आणि मगच धूळ झाडावी.

दोष सापडेपर्यंत काम संपल्यावर भिंतीवरील बटण बंद करणेच इष्ट. तेव्हा घड्याळ आतील ३ व्होल्टच्या नाण्याएवढ्या बॅटरीवर चालते. वेळ वारंवार चुकू लागल्यास ती बदलावी. चालू संगणकाची वीज अवचित गेली, तर फायली बिघडू शकतात. घराचे हिशेब, मुलांचा अभ्यास, दिवंगत वडीलधाऱ्यांची छायाचित्रे यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. संगणक दुसरा आणता येतो, ती छायाचित्रे नाहीत.