गिझर विझला, तर आधी खिडकी पाहा

थंडी सुरू झाली की घरोघर गॅस गिझरच्या तक्रारी ऐकू येतात. पेटत नाही, मध्येच विझतो, वास येतो. या तक्रारी कधी कधी जिवावर बेततात.

मी नोकरीत असताना एका पहाटे वॉर्डात एका नवविवाहित मुलीला बेशुद्ध आणले. आंघोळीला गेली, ती दार तोडूनच बाहेर काढली. "अशक्तपणा आहे," असे सासू सांगत होती. विचारल्यावर कळले, गिझर न्हाणीघरातच होता आणि गारवा येतो म्हणून खिडकीला पुठ्ठा लावला होता. आदल्या दिवशी गिझर दोनदा विझला होता, तो पुन्हा पेटवला. मुलगी वाचली. पण सगळ्याच वाचत नाहीत.

गॅस नीट जळायला भरपूर हवा लागते. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून मुद्दाम वास मिसळतात. या विषारी वायूला ना वास, ना रंग. ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट तो रक्ताला चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग हातापायांतले बळ जाते. कडी काढायलाही जमत नाही.

गिझर पेटतच नसेल तर: 'टिकटिक' आवाज येत नसेल तर दोन्ही सेल बदला. आवाज येतो पण ज्योत नाही, तर रेग्युलेटर, सिलिंडर आणि पाण्याचा दाब पाहा. टाकी रिकामी होत आली की दाब पडतो आणि गिझर पेटत नाही.

मध्येच विझत असेल तर: बऱ्याच गिझरना ठरावीक वेळेने बंद होण्याची सोय असते. त्याआधीच विझला, तर आतली हवा संपत आल्याची ती सूचना असू शकते. खिडकी-दार उघडा, बाहेर या. मेकॅनिकने तपासल्याशिवाय पुन्हा पेटवू नका.

ज्योत पिवळी असेल, काजळी धरत असेल तर: ज्योत निळीच हवी. वापर लगेच थांबवा. बर्नर सुईने टोकरू नका, मेकॅनिकला बोलवा.

गॅसचा वास आला तर: विजेचे बटण चालू-बंद करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे उघडा, सगळे बाहेर या आणि १९०६ वर फोन करा. नळीची गळती साबणाच्या फेसाने पाहावी, काडी पेटवून कधीही नाही.

गिझरची खरी जागा न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत. भाड्याच्या घरात ते लगेच जमत नसेल, तर दार उघडे ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, आतली हवा बदलू द्या, मगच आंघोळ करा. एकापाठोपाठ एक आंघोळी करताना तर हे विसरूच नका.

कोणी आत कोसळले तर दार उघडून आधी त्याला मोकळ्या हवेत आणा, गिझर बंद करा आणि १०८ ला फोन लावा. दवाखान्यात पहिले वाक्य हेच सांगा: "घरात गॅस गिझर चालू होता." बोटाला लावायचे ऑक्सिमीटर या विषबाधेतही आकडा चांगला दाखवते. तुमच्या त्या एका वाक्याने योग्य उपचार लवकर सुरू होतात.

आज घरी गेल्यावर न्हाणीघराच्या खिडकीला काही लावले असेल, तर ते काढून टाका.