मेंढ्या नसलेल्या घरात

धनगराचा वाडा उतरला की वाघरीच्या आत मेंढ्या आणि बाहेर कुत्री. लांडग्याची चाहूल लागली की आधी भुंकणार ती. आपल्याकडे मेंढपाळाचं कुत्रं म्हणजे राखणदार. त्यामुळे इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरचा बॉर्डर कॉली समजायला आपल्याला जरा वेळ लागतो. त्याचं काम कळप राखायचं नाही, वळायचं. अंग जमिनीलगत दाबून, तोंडातून आवाज न काढता, नजर रोखून तो मेंढ्या हलवतो. या रोखलेल्या नजरेला तिथले मेंढपाळ नुसतं ‘आय’ म्हणतात.

१८९३ साली नॉर्थंबरलंडमध्ये ॲडम टेलफर यांच्याकडे जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ हा या जातीचा मूळपुरुष मानला जातो. १९०६ मध्ये इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी निघाली. निवड व्हायची ती कामावरून. कान उभे की पडलेले, याची कोणाला फिकीर नव्हती. १९९५ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली, ती कामाची कुत्री पाळणाऱ्यांचा विरोध डावलून. पुढे ‘चेसर’ नावाच्या कॉलीने हजारावर खेळण्यांची नावं शिकून दाखवली आणि कौतुकाला भरतं आलं. हुशार कुत्रं रिकामं बसलं की काय करतं, हे मात्र पिल्लू घेताना कोणी विचारत नाही.

ते घरच्यांना वळतं. पोरं अंगणात धावली की फेरा मारून त्यांना कोपऱ्यात गोळा करतं, एखादं निसटलं तर टाच धरतं. सायकल ही मेंढी, मोटार ही मेंढी, व्हॅक्यूम क्लीनरसुद्धा मेंढीच. वर्षभरात घरचे टेकीला येतात आणि कुत्रं बचावसंस्थेच्या दारात पोचतं. शेतावरूनही येतात: कोणी मेंढ्यांना भिणारं, कोणी त्यांना चावणारं.

संस्थेच्या पिंजऱ्यात असं कुत्रं ओळखू येत नाही. चहूकडे भुंकणं चालू असताना ते स्वतःभोवती गरागरा फिरतं, नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडून राहतं. म्हणून फॉस्टर घर: कायमचं घर मिळेपर्यंत कुत्रं कोणाच्या तरी घरी ठेवायचं. मालकी संस्थेची, बहुतेक ठिकाणी डॉक्टरचा खर्चही तिचाच. घर आणि वेळ तेवढा तुमचा. याला लोक ‘तात्पुरती सोय’ म्हणतात, ते मला पटत नाही. कुत्र्याचा स्वभाव वाचला जातो तो इथेच. जिन्याला बिचकतं का? मांजर दिसलं की नजर रोखतं, की मान वळवतं? वॉशिंग मशीन फिरू लागलं की काय करतं? फॉस्टर करणारी बाई हे रोज वहीत टिपून ठेवते आणि कायमचं घर त्या वहीवरून ठरतं. ‘दहा वर्षांखालची मुलं नकोत, दुसरं शांत कुत्रं असलं तर बरं’ ही ओळ पिंजऱ्याबाहेर उभं राहून लिहिता येत नाही.

तीन दिवस बुजणं, तीन आठवड्यांत घरची रीत कळणं, तीन महिन्यांत घर आपलं वाटणं, असा फॉस्टर करणाऱ्या मंडळींचा आडाखा आहे. शास्त्र नव्हे, पण चौथ्या दिवशी कुत्रं परत करायला निघालेल्याला थोपवायला पुरतो.

शेतावरून आलेल्या कुत्र्याला ‘कम बाय’ म्हणजे घड्याळाच्या काट्याप्रमाणे फेरा, ‘अवे’ म्हणजे उलट, हे पाठ असतं. काम संपलं की मेंढपाळ म्हणतो ‘दॅट्ल डू’. दिवाणखान्यात येरझारा घालणाऱ्या कॉलीला हेच शब्द हळू आवाजात म्हटले, तर कधीकधी तो थबकतो, येऊन पायाशी बसतो. अशा वेळी बाईचा जीव जडतो आणि कुत्रं तिथेच राहतं. याला गमतीने ‘फॉस्टर फेल’ म्हणतात. वाईट काहीच नाही, फक्त पुढच्या कुत्र्याची जागा अडते.

हा अंक लंडन-लेस्टरकडे किंवा न्यू जर्सीत वाचणाऱ्यांना एक सांगणं. बारा-चौदा वर्षांची जबाबदारी झेपणार नाही म्हणून तुम्ही कुत्रं पाळत नसाल, तर काही आठवड्यांसाठी नाव नोंदवा. भाड्याचं घर असेल तर आधी घरमालकाला विचारा. आणि पहिल्याच भेटीत संस्थेला खरं सांगा, रोज किती चालणार ते.